दाखला तयार होता

माझ्या पोरीच्या पहिल्या नोकरीचा दाखला सोमवारी तयार होता. मी तो बघितला, आणि न घेता परत आलो. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवाला नाही. पोरीला तर नाहीच.

लोकांना माहीत आहे ती गोष्ट वेगळी. बेळगावातल्या वडगावात, आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, ते सांगतील, ‘ह्यांच्या पोरीची नोकरी कचेरीवाल्यांनी घालवली. मराठी म्हणून अडवलं.’ ही गोष्ट मी पसरवली नाही. पण कुणी सांगू लागलं तर थांबवलंही नाही.

पोरीनं फार्मसी केलेली. शिकून झाल्यावर बेळगावातच शहापूरला एका औषधाच्या दुकानात ती कामाला लागली होती, पण ती नोकरी नव्हे, ती नुसती सवय लागावी म्हणून. खरी नोकरी लागली ती कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात. यादीत नाव आलं त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले. सीमाभागातल्या आमच्यासारख्यांना महाराष्ट्रातल्या सरकारी नोकरीला अर्ज करता येतो. अट एवढीच, की गेली पंधरा वर्षं सीमाभागात राहतो असा दाखला पाहिजे. आणि तो द्यायचा कुणी, तर इकडच्या, कर्नाटकातल्या तहसीलदारानं. म्हणजे नोकरी तिकडं आणि सही इकडची.

कागदांची यादी मोबाइलवर आली. पोरीनं ती वाचून दाखवली आणि मी एकेका कागदाला शिव्या घालत बसलो. ज्यानं यादी केली तो माणूस कधी निपाणी ते बेळगाव एसटीनं हिंडला नसणार. कॉलेजात मूळ गुणपत्रिका अडकलेल्या. त्या सोडवायला ‘काही देणं नाही’ असा कागद पाहिजे, आणि त्या कागदावर लायब्ररीची सही पाहिजे. लायब्ररीवाला म्हणाला, पुस्तक जमा व्हायचंय. पोरगी म्हणाली, केलंय. तो म्हणाला, आमच्यात दिसत न्हाय. शेवटी ते पुस्तक त्याच्याच मागच्या फळीवर सापडलं. त्यानं ते उचललं, धूळ फुंकली आणि सही केली. ‘चुकलं’ म्हणाला नाही. सिव्हिलमध्ये तब्येतीचा दाखला घ्यायला गेलो, तर डोळ्यांचे डॉक्टर रजेवर. पोलीस ठाण्यात चारित्र्याचा दाखला मागितला, तर हवालदार मलाच विचारतो, ‘काय भानगड केली म्हणून चारित्र्य पाहिजे?’ आणि स्वतःच हसतो.

पण खरा घोळ पंधरा वर्षांचा होता. त्यातली अलीकडची वर्षं बेळगावची, आधीची निपाणीची. निपाणीला मी तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होतो. बेळगावच्या कचेरीत म्हणाले, निपाणीतल्या वर्षांचं आम्ही कसं सांगणार? निपाणीत म्हणाले, आता तुम्ही इथं राहत नाही, तर आम्ही कसं सांगणार? मी म्हटलं, मग मधल्या संकेश्वरात जाऊन विचारू का? निपाणीचा कारकून म्हणाला, ‘विचारा की. तिथं ऊस बरा असतोय, रस पिऊन या.’

निपाणीत जुन्या घरमालकाला शोधलं, शाळेतून पोरीचा दाखला काढला, तलाठ्यापुढं शेजारच्या दोघांना उभं केलं. ते दोघे म्हातारे झालेले. एकानं पोरीला ओळखलं नाही, पण सही करताना मान हलवून म्हणाला, ‘हिची आई लई चांगली होती.’ तिची आई अजून आहे हो, म्हटलं. ‘व्हय? मग बरंच की.’

ते सगळं मी मनापासून केलं. निपाणीचा कागद मिळाला तेव्हा मला खरोखर आनंद झाला होता. हे सांगतोय ते स्वतःला सोडवायला नव्हे. पुढं जे केलं ते माझं मलाच कळावं म्हणून.

आता घरातलं सांगावं लागेल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी आणि माझी बायको बोलत नाही. भांडण नाही. मारझोड, दारू, तसलं काही नाही. निपाणी सोडून बेळगावात यायचं, वडिलांच्या घरातले दोन यंत्रमाग चालवायचे, हे मी मनात ठरवलं आणि तिला सांगायचं राहून गेलं. आज सांगू, उद्या सांगू. सामान भरायला टेम्पो दारात उभा राहिला तेव्हा तिला कळलं. तिनं ड्रायव्हरला विचारलं, ‘कुठं जायाचंय?’ मी आतच होतो. मला विचारलं नाही. ड्रायव्हरनं सांगितलं, ‘बेळगाव, वडगाव.’ तिनं पदर खोचला आणि भांडी बांधायला घेतली. त्या दिवसापासून ती माझ्याशी सरळ बोललेली नाही. बोलायचं ते पोरीच्या तोंडून. ‘बाबांस्नी सांग, जेवण झालंय.’ ‘बाबांस्नी विचार, सुताचा बीम कधी येणार.’ मी पण तसंच. ‘आईला सांग, सूत संपत आलंय.’ पोरगी तेव्हा प्राथमिक शाळेत होती. ती मध्ये उभी राहून दोन्हीकडचं पोचवायची. कधी कधी चेष्टा करायची. ‘आई म्हणत्यात, चहा पाहिजे काय. बाबा म्हणत्यात, व्हय. आई म्हणत्यात, मग उठून घ्या.’ आम्ही दोघंही हसायचो, एकमेकांकडं न बघता.

मागांचा आवाज मोठा. माग चालू असले की घरात कुणी बोलत नाही हे कुणाच्या लक्षात येत नाही. बाहेरच्याला वाटतं, आवाजामुळं बोलत नसतील. वीज गेली की मात्र पंचाईत. माग थांबतात, एकदम सगळं गप होतं, आणि मग बायको हाक मारते, ‘ए पोरी, कुठं हाईस गं?’ पोरगी जिथं असेल तिथून ‘ओ’ देते. त्या ‘ओ’वर आमचा संसार चालला होता.

नोकरी लागल्यावर ती कोल्हापूरकडं राहायला जाणार होती. हे मला यादीत नाव आलं त्याच दिवशी कळायला पाहिजे होतं. कळलं ते बेळगावच्या कचेरीतल्या खिडकीपुढं.

हा दाखला काँप्युटरवर निघत नाही. साहेबांच्या लेटरहेडवर टाइप करून, फोटो चिकटवून, त्यावर अर्धा शिक्का मारून घ्यावा लागतो. त्या खिडकीत एक बाई बसायच्या. कन्नड बोलणाऱ्या, पण समोरच्याला मराठी येतं म्हटल्यावर मोडक्या मराठीत, मधे मधे कन्नडमधलं आदराचं ‘री’ लावत बोलायच्या. अर्ज द्यायला पोरगी माझ्याबरोबर आली होती. बाईंनी सगळे कागद उलटून बघितले, निपाणीचा कागद वर घेतला आणि म्हणाल्या, ‘हे छान केलं री, अण्णा. नाहीतर लोक येतात, भांडतात, जातात.’ तलाठ्याची चौकशी होऊन फाइल वर गेली. मग बाई म्हणाल्या, ‘सोमवारी या री. सही होतंय.’

सोमवारी मी एकटाच गेलो. पोरगी कोल्हापूरला जायच्या दिवसासाठी रजा राखून होती. माझ्या पुढं एक म्हातारबा पेन्शनवरून हुज्जत घालत होते. बाई त्यांना समजावत होत्या. मला बघून त्यांनी मान हलवली. ‘अण्णा, झालंय री तुमचं. जरा थांबा.’ टेबलावर गठ्ठा होता. वरचाच कागद आमचा. पोरीचा फोटो मला उलटा दिसत होता, आणि शिक्का तिच्या हनुवटीवर आला होता.

मी तो फोटो बघत उभा राहिलो. मनात आलं, हा कागद हातात घेतला की घरात उद्यापासून ‘ओ’ कोण देणार. एवढंच आलं. दुसरं काही मोठं आलं नाही. म्हातारबांची हुज्जत चालूच होती. मी मागं वळलो, जिना उतरलो, आणि स्कूटर काढून घरी आलो.

पोरगी संध्याकाळी दारातच विचारती झाली, ‘मिळाला?’

‘सही राहिलीय. साहेब बेंगळूरला गेल्यात.’

माझ्या तोंडून ते इतकं सहज आलं, की मलाच खरं वाटलं. बायको मागापाशी होती. तिनं माग थांबवला नाही.

त्यानंतर मी रोज सकाळी कचेरीला म्हणून निघायचो आणि सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसायचो. माझा बेत साधा होता. थोडे दिवस. कागदपत्रं तपासायची शेवटची तारीख एक नोव्हेंबर होती. त्या दिवशी सकाळी दाखला घ्यायचा आणि दुपारपर्यंत पोरीला घेऊन कोल्हापूर गाठायचं. नोकरी घालवायची नव्हती मला. थोडं लांबवायचं होतं. लांबवून काय होणार होतं ते विचारू नका. मी विचारलं नव्हतं.

वाचनालयात रोजची मंडळी असतात. पेपर वाचून झाला की बाकड्यावर बसून जगाचा निकाल लावतात. मला तिथं रोज बघून एकानं विचारलं, ‘काय हो, माग बंद पडलं काय?’ मी सांगितलं, दाखल्यासाठी फेऱ्या मारतोय. झालं. त्यांना रोजचा विषय मिळाला.

‘मराठी माणसाचं काम म्हटलं की बोट लावणार न्हाईत.’

‘अहो, मुद्दाम. पोरगी महाराष्ट्रात निघाली ना? मग कसं देतील?’

‘ह्यांची पोरगी हुशार बघा. म्हणून डोळ्यात खुपती.’

मी मान खाली घालून बसायचो. ते त्यांना दुःख वाटायचं. एक जण माझ्यासाठी चहा सांगायचा. इथं कुणाचं काम अडलं की कारण शोधावं लागत नाही. ते तयारच असतं, आणि कितीदा खरंही असतं. म्हणून तर माझं खोटं त्यात बेमालूम बसलं. दुसऱ्या कुठल्या गावात असतो, तर कुणीतरी विचारलं असतं, ‘तुम्ही नीट चौकशी केली काय?’ इथं कुणी विचारलं नाही.

आठवड्याच्या शेवटी गल्लीतले चौघे घरी आले. म्हणाले, आपण निवेदन देऊ, पेपरात बातमी देऊ, सगळे मिळून त्या खिडकीपुढं जाऊन बसू. पोरगी उठून उभी राहिली. ‘मी येते. मला पण विचारायचंय त्या मॅडमना.’ मी म्हटलं, ‘पोरीचं नाव पेपरात नको. उद्या लग्नाचं बघायचं झालं तर?’ त्यातला वडीलधारा म्हणाला, ‘खरं हाय. बाप म्हणून त्यांचं बरोबर हाय.’ आणि ते चहा पिऊन गेले. पोरगी मात्र माझ्याकडं बघत राहिली. ‘तुम्ही भांडत का न्हाई, बाबा? दुसऱ्यांचं बाप ऑफिस डोक्यावर घेत्यात.’

‘भांडून काम होत न्हाय.’

‘गप बसून तर कुठं होतंय?’

गप बसणं हेच मला येतं, हे तिला लहानपणापासून ठाऊक आहे.

शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी तिला सांगितलं, ‘उद्या सकाळी नक्की मिळतंय. तू तयार राहा. घेऊन आलो की तसंच कोल्हापूरला.’

ती फायली लावत होती. प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स, टाचण्या, वर चिठ्ठ्या. ती म्हणाली, ‘उद्या एक तारीख न्हवं? सगळं बंद असतंय.’

‘बंद आपल्या लोकांचा. कचेरी कशाला बंद असंल?’

हे मी म्हणालो. ह्यात मात्र खोटं नव्हतं. मला खरंच तसं वाटत होतं. एक नोव्हेंबर म्हणजे आमच्यात काळा दिन, आमचा भाग कर्नाटकात घातला तो दिवस. दुकानं बंद, माग बंद, काळ्या फिती, सायकल फेरी. लहानपणापासून मी तो असाच बघितलेला. यंदा फेरीला जायचं नाही म्हणून मनाला लागलंसुद्धा होतं. आपण घराची कडी लावून बसतो त्या दिवशी बाहेर राज्याचा सण असतो, कचेऱ्यांना सुट्टी असते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण ती माझ्या हिशेबातली गोष्टच नव्हती. आयुष्यभर मी त्या दिवसाला पाठ करून उभा राहिलो होतो. पाठीमागं काय चालतं ते कशाला बघतोय?

सकाळी रस्त्यात लाल-पिवळी निशाणं लागलेली. ढोल चालू होते. कचेरीच्या फाटकाला कुलूप, आणि कुलपावर झेंडूची माळ. वॉचमन खुर्चीत बसून मिठाई खात होता.

‘आज रजा री. हब्ब.’

सण आहे, म्हणाला. मी विचारलं, आत कुणीच नाही का, एक कागद फक्त घ्यायचाय, तयार आहे, टेबलावरच आहे. तो म्हणाला, ‘टेबल कुठं पळून जातंय? उद्या या.’ आणि त्यानं मिठाईचा पुडा माझ्यापुढं धरला. मी त्यातला तुकडा घेतला. का घेतला ते माहीत नाही. हातात धरून तसाच उभा राहिलो.

पोरगी तयार होऊन दारात बसली होती. नवा ड्रेस घातला होता, फाइल मांडीवर. माग बंद होते, त्यामुळं मी सांगितलेलं सगळं घरात स्पष्ट ऐकू आलं. तिनं कोल्हापूरला फोन लावला. पलीकडच्या माणसानं सांगितलं, आज संध्याकाळपर्यंत मूळ दाखला न आणल्यास यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावणार. ती म्हणाली, ‘सर, आमच्याकडं आज सुट्टी आहे.’ तो म्हणाला, ‘आमच्याकडं नाही.’ तो उद्धटपणे बोलला नाही. त्याच्या बाजूनं खरंच होतं ते.

ती रडली नाही. फाइल कपाटात ठेवून आली आणि म्हणाली, ‘आईला सांगा, जेवायचं न्हाय मला.’ आयुष्यात पहिल्यांदा तिनं माझ्याकडून निरोप धाडला. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. बायको माझ्याकडं वळली आणि सरळ मला विचारलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

‘सोमवारी गेलतासा न्हवं?’

‘गेलतो.’

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली, आणि मग तवा उतरवून ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी दाखला आणला. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, ‘आलाच नाही री तुम्ही. कुठं गेलता?’ मी म्हटलं, गावाला. घरी आल्यावर पोरीनं कागद बघितला. आता त्याचा उपयोग नव्हता, तरी बघितला. खाली साहेबांची सही, आणि सहीखाली तारीख.

‘बाबा, ही तर तुम्ही गेलता त्या सोमवारच्याही आधीची तारीख हाय.’

बोलायची वेळ तीच होती. ह्याहून सोपी वेळ मला पुन्हा मिळणार नव्हती. मी म्हटलं, ‘मागची तारीख टाकली असंल. आपली चूक झाकायला असंच करत्यात.’

तिनं ते लगेच मानलं. ‘त्या बाई असं करतील वाटलं नव्हतं,’ एवढंच म्हणाली. माझं खोटं तोवर हवेत होतं. त्या दिवशी मी ते उचलून एका बाईच्या अंगावर टाकलं.

पोरगी अजून शहापूरच्या दुकानात आहे. पुन्हा अर्ज भरते, पण तशी यादी पुन्हा लागली नाही. घरी असते म्हणून आमचे निरोप चालू आहेत. मात्र ती आता चेष्टा करत नाही. ‘चहा पाहिजे काय विचारत्यात’ म्हणते आणि उत्तराची वाट न बघता आत जाते. मला पाहिजे होतं ते मिळालं, असं म्हणायला हरकत नाही.

हे सगळं मी आता लिहितोय, कारण परवा त्या बाई दुकानात आल्या. मी पोरीला घ्यायला गेलो होतो, बाहेर पायरीवर उभा होतो. त्यांनी रक्तदाबाच्या गोळ्या मागितल्या. पोरीनं गोळ्या काढल्या, पण काउंटरवर ठेवल्या नाहीत.

‘मॅडम, ओळखलं न्हाय तुम्ही मला.’

‘नाही री, अम्मा.’

‘पंधरा वर्षांचा दाखला. तुमच्याकडं पडून राहिला. माझी नोकरी गेली त्यात.’

बाई गोंधळल्या. चष्मा काढून तिच्याकडं नीट बघितलं. आठवायचा प्रयत्न करत होत्या, ते कळत होतं. आठवलं नाही. त्यांच्यापुढं रोज किती कागद येतात. मग म्हणाल्या, ‘झालं असेल री. कामं लई असतात. चुकलं असेल आमचं. मनात ठेवू नको, अम्मा.’

पोरीनं गोळ्या काउंटरवर सरकवल्या. ‘ठेवून काय करणार,’ म्हणाली.

न केलेल्या चुकीची माफी मागून बाई पायऱ्या उतरल्या. माझ्या शेजारून गेल्या तेव्हा माझ्याकडं बघितलं. मला ओळखलं की नाही, मला सांगता येणार नाही. मी स्कूटरच्या किल्लीकडं बघत होतो. त्या रिक्षात बसून जाईपर्यंत मला हाक मारता आली असती. मी मारली नाही.

येताना पोरगी मागं बसून म्हणाली, ‘माफी मागितली तरी. एवढं पण कोण करत न्हाय.’

पोरीला घेऊन त्या खिडकीपुढं जायचं आणि बाईंच्या देखत सांगायचं, की दाखला सोमवारी तयार होता, मी घेतला नाही. आणि बायकोनं विचारलेल्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर तिला द्यायचं, मधे पोरीला न घेता. एवढं माझ्याकडं बाकी आहे. आजवर यातलं काहीही मी केलेलं नाही.